डावीकडे न वळणारी गाडी

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, आणि डॉक्टरांनी सगळा दोष दुकानावर ठेवला.

"या कोपऱ्यातच काहीतरी गडबड आहे," ते म्हणाले. "तो वर विजेचा डबा दिसतोय ना? त्याच्याखालून गेलं की गाडीच्या मेंदूवर परिणाम होतो."

शेजारी बसलेल्या स्टेशनबाईंनी मान वर करून डब्याकडे पाहिलं. डब्यावर एक कावळा बसला होता. त्याच्या मेंदूवर काही परिणाम झालेला दिसत नव्हता. पण नवऱ्याच्या हातात बंद पडलेली गाडी आणि मागे हॉर्नचा गोंगाट, अशा वेळी कावळ्याचा दाखला देऊ नये एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं.

"उतरायचं का?" मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. गाडी जरा विचार करतेय," डॉक्टर म्हणाले.

स्टेशनबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. सगळी नोकरी त्यांनी रेल्वे स्टेशनवर माईकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येतेय, किती उशिरा येतेय, कुठली येतच नाहीये, हे सांगणारा तो आवाज त्यांचा. निवृत्त होऊनही आवाजाला निवृत्ती ठाऊक नव्हती. घरात "जेवण तयार आहे" म्हणाल्या तरी ऐकणारा आधी उठून उभा राहायचा.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर त्यांच्या हातांना चैन पडेना. कुणी जांभई दिली तरी ते पुढे वाकून बघायचे. शेवटी बाईंच्या दादानं माहेरच्या शेडमधली जुनी काळी मोटार त्यांच्या गळ्यात घातली. बाबांची गाडी. गोल बूड, मोठे डोळे, आणि आत गंजून गोळा झालेलं इंजिन. दादानं अट एकच घातली होती, "वाटेल ते करा, पण बाबांच्या पत्र्याला करवत लावायची नाही."

डॉक्टरांनी मग जे केलं त्याला ते 'रोपण' म्हणायचे. एका अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं धडधाकट इंजिन काढून त्यांनी जुन्या गाडीत बसवलं. बसवलं बघूमिस्त्रीनं, पण शेजारी उभं राहून "जरा उघडा, अजून थोडं उघडा" असं डॉक्टर म्हणत राहिले. मिस्त्रीला बघूमिस्त्री म्हणायचं कारण उघड होतं. गाडी कधी होईल, खर्च किती येईल, चालेल ना, या सगळ्याला त्याचं उत्तर एकच असायचं, "बघू."

इंजिन सुरू झालं, गाडी गल्लीत फिरली, सासूबाईंनी सुद्धा मान हलवून पसंती दिली. आणि मग तो कोपरा आला.

दुकानाचा कोपरा टाळून दुसऱ्या रस्त्यानं गेलं तर गाडी शाळेपाशी बंद पडली. तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानापाशी. डॉक्टरांनी आता विजेच्या डब्याचा नाद सोडला आणि बघूमिस्त्रीला घरी बोलावलं.

"पेट्रोलचा दाब पडतोय," मिस्त्री बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "जुन्या इंजिनाचं बरं होतं. त्याच्या कार्बोरेटरला एक वाटी असायची. टाकीतून थोडा वेळ पेट्रोल नाही आलं तरी वाटीतलं पीत ते चालायचं. हे नवीन इंजिन लाडावलेलं आहे. याला पिचकारीनं पाजावं लागतं, आणि तेही सतत, जोरात. क्षणभर दाब गेला की हे खाली बसलंच."

"म्हणजे पंप," डॉक्टर म्हणाले.

"बघू."

पंप बदलला. गाडी बंद पडली. फिल्टर बदलला. गाडी बंद पडली. पंपाला वीज कमी मिळते म्हणून बॅटरीपासून जाड वायर ओढली. गाडी बंद पडली, पण पंपाचा आवाज जास्त रुबाबदार यायला लागला. दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर बदलला. टाकीच्या झाकणात हवा जायचं भोक बुजलं असेल म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातली बारीक सुई आणून ते भोक असं साफ केलं की मिस्त्री बघतच राहिला. गाडी बंद पडली.

सगळ्यात वैताग असा की अंगणात गाडी गुणी बाळासारखी वागायची. नळीवर मीटर लावून इंजिन चालू ठेवलं की काटा त्रेचाळिसावर जो बसायचा तो हलायचं नाव नाही. डॉक्टर काट्याकडे बघायचे, काटा डॉक्टरांकडे बघायचा. फाटकाबाहेर पडलं की पुढच्या चौकात सगळं मुसळ केरात.

"दवाखान्यात आल्यावर कुणाचाच दात दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुखतो तो घरी. हिला दुखताना बघायला हवं."

म्हणून मिस्त्रीनं मीटरला लांब नळी जोडली, ती बोनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि मीटर समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं घट्ट चिकटवला. डॉक्टरांनी रस्त्याकडे बघायचं आणि बाईंनी काटा वाचायचा, अशी वाटणी झाली.

"दाब, त्रेचाळीस," बाईंनी सुरुवात केली.

खिडक्या उघड्या होत्या. आवाज तोच, स्टेशनवरचा. फुटपाथवरच्या दोन बायका जागच्या जागी थांबल्या. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यानं नकळत मागच्या पिशवीला हात लावून बघितला.

"दाब, त्रेचाळीस. दाब, बेचाळीस. गाडी डावीकडे वळत आहे. दाब, शून्य."

गाडी थांबली.

"वळत आहे वगैरे सांगू नकोस," डॉक्टर म्हणाले. "फक्त आकडा."

"सवय आहे हो. गाडी कुठे चाललीय ते सांगितल्याशिवाय आकडा तोंडातून निघत नाही."

पुन्हा सुरू केली. गाडी लगेच सुरू व्हायची, हा तिचा आणखी एक आगाऊपणा. पुढच्या चौकात बाईंच्या तोंडून पुन्हा आलं, "गाडी डावीकडे वळत आहे. दाब, शून्य." त्याच्या पुढच्या चौकात त्यांनी आकडा वाचायच्या आधीच पर्स मांडीवर घट्ट धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही डावीकडे वळली की बंद पडते."

"असं कधी असतं का? इंजिनाला डावं-उजवं काय कळतंय?"

"इंजिनाला नसेल कळत, पण होतंय तर तसंच."

"योगायोग आहे. शास्त्रात योगायोगाला जागा असते."

"मला विचाराल का कुणी?" मागून सासूबाई म्हणाल्या. दोघांनी वळून पाहिलं. सासूबाई मागच्या सीटच्या उजव्या टोकाला दाराला चिकटून बसल्या होत्या. अंगाने त्या लहानखुऱ्या, आणि ती सीट जुन्या रेक्झिनची, गुळगुळीत. "मी निघताना मधोमध बसते. तू डावीकडे वळलास की घसरत इथे येऊन आदळते. चार दिवस झाले, बरगडी ठणकतेय. पेट्रोल काय माझ्याहून जड आहे?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि त्या गुळगुळीत सीटवरून हात फिरवला.

मग डॉक्टर उतरले, डिकी उघडली, खाली वाकून टाकीकडे बघत बसले. टाकी बाबांच्या गाडीचीच होती. रुंद, चपटी, गादीसारखी, आत एकही आडवी पट्टी नाही. पेट्रोल ओढणारी नळी तिच्या डाव्या कोपऱ्यात. डावीकडे वळलं की सगळं पेट्रोल सासूबाईंसारखं उजवीकडे पळायचं आणि नळी हवा ओढत बसायची. जुन्या इंजिनानं वाटीतलं पिऊन हे इतकी वर्षं पोटात घातलं होतं. नवं इंजिन तसलं काही पोटात घालणाऱ्यातलं नव्हतं.

"टाकी गळ्यापर्यंत भरा," बाई म्हणाल्या. "मग पळायला जागाच राहणार नाही."

तेही जमण्यासारखं नव्हतं. टाकी अर्ध्याच्या वर भरली की वरच्या सांध्यातून पाझरायची, आणि सांधा डागायचा तर टाकी उतरवायला मागचा पत्रा कापावा लागणार होता. दादाची अट आडवी आली. बघूमिस्त्रीनं दुसरा उपाय सांगितला. डिकीत एक छोटी टाकी बसवायची, जुन्या कार्बोरेटरच्या वाटीची मोठी बहीण म्हणा. ती सतत भरलेली राहणार, आणि मोठा पंप तिच्यातून पेट्रोल ओढणार. कापाकापी काही नाही. फक्त ती टाकी बाहेरून मागवावी लागेल.

"कधी येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रीनं काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको.

तेव्हापासून डॉक्टरांच्या घराचा व्यवहार उजव्या हाताला चालू झाला. डावीकडे जायचं असेल तर चौक ओलांडून पुढे जायचं आणि तीनदा उजवीकडे वळून मागच्या बाजूनं यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण रस्ते काही कुणी डॉक्टरांच्या टाकीसाठी आखलेले नव्हते. एखादी गल्ली बंद निघायची, एखादी एकदिशा असायची. बँकेत जायला निघालेली मंडळी नणंदेच्या दारात पोचायची. नणंद आधी हरखली, मग आठवड्यात चौथ्यांदा दार उघडताना तिनं सरळ विचारलं, "वहिनी, घरी काही झालंय का?" बाईंना भाजी घ्यायची असायची आणि हातात यायचे चष्मे, कारण भाजीबाजार डावीकडे होता आणि चष्म्याचं दुकान उजवीकडे. सासूबाईंना मात्र हे सगळं मानवलं. आता त्या गाडीत बसताना पहिल्यापासूनच डाव्या दाराला टेकून बसायच्या आणि घसरायचा प्रश्नच मिटला.

डॉक्टरांनी ही गोष्ट बाहेर कुणाला कळू द्यायची नाही असं ठरवलं होतं. कारण जुन्या मोटारींच्या मंडळात त्यांनी आपल्या 'रोपणा'वर एक भाषण ठोकलं होतं, आणि मंडळाच्या मिरवणुकीत त्यांची गाडी अगदी पुढच्या रांगेत ठरली होती. मिरवणूक क्रीडांगणावर होती. धावपटू धावतात त्या गोल वाटेवरून सगळ्या गाड्या फिरणार, आणि धावपटूंसारख्याच फिरणार. म्हणजे सतत, न थांबता, डावीकडे.

"नाव मागे घ्या," बाई म्हणाल्या.

"मागे घेण्यापेक्षा मैदान उलटं फिरवणं सोपं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना ते खरंच सोपं वाटत होतं.

मंडळाची सभा अध्यक्षांच्या फर्निचरच्या दुकानात भरायची. सभासद विक्रीच्या सोफ्यांवर बसायचे. सोफ्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नसायचं, त्यामुळे कुणी मत बदललं की आवाज यायचा. मिरवणुकीची घोषणा बाईंनीच करायची ठरली होती, म्हणून त्याही आल्या होत्या आणि एका जेवणाच्या टेबलाशी, किमतीच्या चिठ्ठीसमोर, बसल्या होत्या.

"माझी एक साधी सूचना आहे," डॉक्टर म्हणाले. "यंदा मैदानाला उजवीकडून फेऱ्या घालाव्यात. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही."

"ऊन कुठूनही फिरलं तरी तेवढंच येतं," प्राचार्यबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेच्या प्राचार्य होत्या आणि त्यांची फिकट निळी गाडी मंडळात सगळ्यात देखणी होती. "जगातलं प्रत्येक मैदान डावीकडेच फिरतं. उजवीकडे फिरायला माझा सक्त विरोध आहे."

"सक्त कशासाठी?"

"तत्त्व म्हणून."

वकीलसाहेब खाकरले. "दिशा कुठलीही ठेवा. पण मध्ये थांबणं नको. झेंडा दाखवायला नको, हार घालायला नको. सगळी भाषणं आधी उरकून घ्या. गाड्या चालू झाल्या की चालू राहिल्या पाहिजेत, त्याशिवाय मिरवणुकीला गांभीर्य येत नाही."

आता अध्यक्ष पुढे सरकले. ते मागे रेलणाऱ्या आरामखुर्चीत बसले होते, त्यामुळे पुढे सरकायला त्यांना वेळ लागला.

"माझ्या मनात एक कल्पना आहे," ते म्हणाले. "आपल्या गाड्या जुन्या. जुना काळ म्हणजे मागचा काळ. मग आपण सगळ्यांनी उलट्या गिअरमध्ये, मागे मागे गेलो तर? मोठा अर्थ निघेल त्यातून."

सगळ्या सोफ्यांचा एकदम आवाज आला.

डॉक्टरांनी यावर गंभीरपणे विचार केला. त्यांनी टेबलावरचे कप घेऊन उलट्या गाडीनं डावीकडे फिरलं तर टाकीतलं पेट्रोल कुठे जाईल हे मनाशी मांडून बघितलं, पण तोंडानं ते "सौंदर्याच्या दृष्टीनं" असं म्हणत होते. तिकडे प्राचार्यबाई दुसरे कप घेऊन तेच करत होत्या, त्याही कसल्यातरी दृष्टीनं. दोघांनी कप फिरवत फिरवत एकाच वेळी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "चालेल." प्राचार्यबाई म्हणाल्या, "मुळीच नाही."

सभा अशीच अंधार पडेपर्यंत चालली असती. बाईंना त्या कपांकडे बघून एकदम उमगलं. इथे कुणीच मिरवणुकीबद्दल बोलत नव्हतं.

"आमची गाडी डावीकडे वळत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या आवाजाला चढवायची गरजच नसायची. डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या रोग्यानं भर दवाखान्यात त्यांनाच तोंड उघडायला सांगितलं होतं.

"डावीकडे वळलं की पेट्रोलचा दाब पडतो आणि ती बंद पडते," बाई पुढे म्हणाल्या. "नोकरीत मी रोज सांगायचे, अमुक गाडी उशिरा आहे, तमुक गाडी रद्द आहे. लोक चिडायचे, पण ऐकून घ्यायचे आणि पिशवी टेकवून बसायचे. त्यात लाजायचं काय असतं?"

मग निळ्या सोफ्यावरून प्लास्टिकचा हळूच आवाज आला.

"माझं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की हॉर्न वाजतो," प्राचार्यबाई म्हणाल्या. "सरळ करेपर्यंत वाजत राहतो. मी महिनाभर फक्त डावीकडे वळतेय. शाळेत पोचायला मला सकाळी लवकर निघावं लागतं."

"तरीच," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही चष्म्याच्या दुकानासमोरून कधी दिसला नाहीत."

"माझी एकदा थांबली की थंड होईपर्यंत सुरू होत नाही," वकीलसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "कोर्टात गेलो की ड्रायव्हर बाहेर प्रदक्षिणा घालतो."

सगळे अध्यक्षांकडे वळले. अध्यक्षांनी खुर्चीचा दांडा ओढला आणि ते मागे रेलले.

"पुढचा एकही गिअर पडत नाही," ते छताकडे बघत म्हणाले.

त्यानंतर चहा आला, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा तो चहा सगळ्यांनी मनापासून प्यायला. मार्ग बाईंनी काढला. एकाच रुळावर समोरासमोर गाड्या आल्या तर कुणाची तत्त्वं बघत नाहीत, दोन रूळ टाकतात, असं त्या म्हणाल्या. मैदानावर चुन्यानं दोन गोल आखायचे. आतल्या गोलावर उजवीकडे वळणारे, बाहेरच्या गोलावर डावीकडे वळणारे. वकीलसाहेब कुठेही, पण चालू. अध्यक्ष आतल्या गोलावर सगळ्यांच्या पुढे, उलटे.

मिरवणुकीच्या दिवशी डॉक्टर घरून पहाटेच निघाले, कारण मैदान घरापासून डाव्या हाताला होतं. बाई घोषणेच्या खोलीत आधीच जाऊन बसल्या होत्या, त्यामुळे पुढच्या सीटवर सासूबाई बसल्या आणि काटा वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांनी अजून होकार दिलेला नव्हता.

"किती आहे, आई?"

"छान आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुरुवात झकास झाली. दोन्ही गोल फिरू लागले, घड्याळाची दोन चाकं एकमेकांत फिरावीत तसे. अध्यक्षांची तपकिरी गाडी सगळ्यांच्या पुढे मागे मागे जात होती. तिच्या मागोमाग डॉक्टरांची काळी, नाकाला नाक लावून. अध्यक्षांना मागे बघून चालवायला हवं होतं, पण त्यांची मान आखडली, म्हणून ते आरशात बघत होते आणि मधूनमधून समोर, म्हणजे डॉक्टरांकडे. दोघं गृहस्थ काचेआडून एकमेकांकडे बघत मैदानाला फेऱ्या घालत होते. पहिल्या फेरीत दोघांनी हसून मान हलवली. नंतर हसण्याचंही ओझं झालं.

वरच्या खोलीतून बाई सांगत होत्या, "आतल्या मार्गावर काळी गाडी येत आहे. बाहेरच्या मार्गावर निळी गाडी येत आहे." गर्दी टाळ्या वाजवत होती. लोकांना वाटत होतं, हे सगळं असंच बसवलेलं आहे.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला आरशात बघताना अध्यक्षांच्या डोळ्यांवर ऊन आलं. त्यांनी ब्रेक दाबला. डॉक्टरांच्या समोर अध्यक्षांचं नाक एकदम मोठं झालं. पायही ब्रेकवर गेला, पण हात आधी गेले, आणि माणसाचे हात घाबरल्यावर टाकीचा विचार करत नाहीत. ते डावीकडे गेले.

गाडी चुन्याची रेघ ओलांडून बाहेरच्या गोलात शिरली आणि आडवी होऊन बंद पडली. समोरून येणाऱ्या प्राचार्यबाईंनी तिला चुकवायला स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना, कारण आता त्यांच्या गाडीचं चाक डॉक्टरांच्या बंपरला टेकलं होतं आणि सरळ करता येत नव्हतं. वकीलसाहेब या सगळ्याभोवती, तोंडावर हात ठेवून, छोट्या छोट्या गोलात फिरत राहिले. अध्यक्ष उलटे निघून जायला बघत होते, पण मागे लोक धावत आले होते.

वर बाईंच्या समोर माईक चालू होता. सगळं मैदान वळून त्यांच्या काचेकडे बघायला लागलं. अशा वेळी लोकांना एकच हवं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काय झालंय ते कुणीतरी शांतपणे सांगायला हवं असतं.

"कृपया लक्ष द्या," त्या म्हणाल्या. "काळी गाडी डावीकडे वळल्यामुळे थांबली आहे. तिच्या टाकीतलं पेट्रोल उजवीकडे गेलेलं आहे. निळी गाडी उजवीकडे वळल्यामुळे वाजत आहे. पांढरी गाडी थांबली तर पुन्हा चालू होणार नाही, म्हणून ती थांबणार नाही. तपकिरी गाडी फक्त मागे जाते. प्रेक्षकांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. धक्का मारू शकणाऱ्यांनी मैदानात यावं."

क्षणभर नुसता हॉर्न वाजत राहिला. मग लोक हसले, आणि हसत हसत कठड्यावरून खाली उतरायला लागले. एवढी माणसं उतरली की शेवटी गाड्या कमी आणि ढकलणारे जास्त झाले. काही लोक उरलेल्या, नीट चालणाऱ्या गाड्याच ढकलत होते. सासूबाई काळ्या गाडीत पुढेच बसून होत्या आणि ढकलणाऱ्यांना खिडकीतून सांगत होत्या, "उजवीकडे न्या हो, हिला डावीकडे चालत नाही." वकीलसाहेबांचं बक्षीस त्यांना चालत्या गाडीच्या खिडकीतून द्यावं लागलं. ते घेऊन ते तसेच फाटकातून बाहेर पडले.

घरी जाताना डॉक्टर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होते. सगळ्या गावासमोर त्यांच्या टाकीचं पोट उघडं पडलं होतं. तीन वळणं झाली, सगळी उजवी.

"मला विचारायला हवं होतंस," शेवटी ते म्हणाले.

"कधी विचारणार? तुम्ही खाली मैदानात गाडीसकट आडवे पडला होता."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "पेट्रोल उजवीकडे गेलेलं आहे, हे बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "लोकांना बंद पडली एवढंच कळतं. का पडली ते कुणी सांगत नाही."

मग ती छोटी टाकी एकदाची आली. बघूमिस्त्रीनं ती डिकीत बसवली, नळ्या जोडल्या, पंप लावला. दाब त्रेचाळिसावरून ढळेना, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्याच हातानं त्यानं प्राचार्यबाईंच्या स्टिअरिंगखालची झिजलेली तार बदलली, वकीलसाहेबांचा स्टार्टर नीट केला आणि अध्यक्षांचा गिअरबॉक्स उघडून पुढचे गिअर पुढे पडतील असं केलं. सगळ्या गाड्या एकदम चालायला लागल्या. मिस्त्री स्वतःच चकित होता. पुन्हा काही झालं तर काय, असं कुणी विचारलं की तो नेहमीचं उत्तर देण्याआधी जरा थांबायचा.

पुढच्या सभेला सगळे वेळेवर आले. कुणीच कुठे अडकलं नव्हतं. अध्यक्षांनी "काही सूचना?" विचारलं, तर कुणालाच काही सुचेना. दिशा कुठलीही चालत होती. थांबलं तरी चालत होतं. प्राचार्यबाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. वकीलसाहेबांनी बाहेर उभ्या असलेल्या, बंद केलेल्या आपल्या गाडीकडे परक्यासारखं पाहिलं. डॉक्टर सोफ्याच्या कडेवर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होते. बाईंना त्यांचं वाईट वाटलं. बरे होऊन घरी जाणारे रोगी त्यांना कधीच आवडले नव्हते.

चहा येऊन गेला. अध्यक्ष सभा संपवायला उठू लागले.

"एक आहे," प्राचार्यबाई म्हणाल्या, आणि जराशा लाजल्या. "तसं काही विशेष नाही. कालपासून माझ्या गाडीचा मागचा दरवाजा उघडत नाहीये."

अध्यक्ष पुन्हा खाली बसले. वकीलसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. डॉक्टर आपल्या सोफ्यावरून उठून त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले.

"आतून उघडत नाही की बाहेरून?" बाईंनी विचारलं.

"आतून. आणि बाहेरूनही, पण फक्त सकाळी."

"फक्त सकाळी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी रिकामे कप आपल्याकडे ओढले.